ॲपवर जर्मन, ॲपवर क्लिंगॉन: कुणाकडून काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी वर्षभर डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर जर्मन करते आहे. स्ट्रीक (सलग दिवसांची मोजणी) मोडलेली नाही, लीगमध्येही (गुणांच्या आठवडी चढाओढीत) ती वरच्या फळीत आहे, पण ए१च्या, म्हणजे पहिल्या पातळीच्या, क्लासमध्ये बाईंनी साधं काही विचारलं की तोंडातून वाक्य निघत नाही. तिचा धाकटा भाऊ त्याच ॲपवर हाय व्हॅलिरियन ही ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतली रचलेली भाषा शिकतो आणि आता ‘स्टार ट्रेक’मधली क्लिंगॉन घ्यायचं म्हणतो, त्यावरून घरात रोज वाद. तिला विचारायचंय की दुसरं कुठलं ॲप घ्यावं, आणि भावाला थांबवावं का.

आधी उत्तर, मग कारणं. (क्लासमधल्या मुलामुलींना मी ‘तू’च म्हणतो, तसंच इथे.) ॲप बदलून फारसं काही होणार नाही. तू जर्मनकडे इंग्रजीमार्गे निघाली आहेस, आणि मराठी माणसासाठी तो लांबचा रस्ता आहे. मराठीमार्गे जा. आणि भावाला थांबवू नकोस, कारण तो शिकतोय त्या भाषेचं बरंचसं काम ॲपवर खरोखरच होतं, तुझ्या भाषेचं होत नाही.

आता वाक्य का निघत नाही ते बघू. ॲपवरच्या बऱ्याच धड्यांत शब्दांचे तुकडे खाली मांडलेले असतात आणि आपण ते बोटानं ओळीत लावतो. त्यात शब्द आठवावा लागत नाही, ओळखावा लागतो. ओळखणं ही वेगळी कसरत आहे आणि आठवणं वेगळी. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या ए१ परीक्षेत तोंडीचे तीन भाग असतात: स्वतःची ओळख करून देणं, कार्डावरच्या शब्दावरून प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं, आणि कुणाला काहीतरी विनंती करणं. तिथे कार्डावर एक शब्द असतो, उदाहरणार्थ ‘रविवार’, आणि त्यावरून आख्खा प्रश्न तुलाच रचायचा असतो. तुकडे मांडून ठेवलेले नसतात. वर्षभर तुकडे लावणारी व्यक्ती तिथे गप्प बसली तर नवल काय?

लीगचं तर विचारूच नकोस. आठवड्याच्या शेवटी वर राहायचं म्हणून लोक जुने सोपे धडे पुन्हा पुन्हा करतात, गुण मिळतात, भाषा तिथेच राहते. स्ट्रीक मला वाईट वाटत नाही. रोज बसायची सवय लावण्यापुरती ती उपयोगी आहे. पण ती सवयीचा हिशेब ठेवते, जर्मनचा नाही. गोएथे संस्थेचा स्वतःचा अंदाज असा की ए१साठी ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात आणि दोन पातळ्या वरच्या बी१साठी ३५० ते ६५०. रस्त्यात, बसमध्ये, जेवणानंतर पाच-सात मिनिटं ॲप उघडणाऱ्या माणसानं हे आकडे एकदा समोर ठेवून वर्षभराची बेरीज करून पाहावी.

हा हिशेब इतक्या गांभीर्यानं करायचं एक कारण आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकायला येणाऱ्यांमध्ये फक्त एमएसवाले राहिलेले नाहीत. नर्सिंगची मुलं येतात, इलेक्ट्रिशियन येतात. त्यातल्या अनेकांची शाळा मराठी माध्यमाची आहे, आणि त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की आधी ॲपवर थोडं कर, मग क्लासला जा. ते ॲप उघडतात तर समजावून सांगणारी भाषा इंग्रजी. म्हणजे दोन परक्या भाषांशी एकदम झुंज.

खरी मेख इथेच आहे. जर्मनमध्ये ‘मला हे पुस्तक आवडतं’ कसं म्हणतात? ‘मिर गेफेल्ट डास बूख.’ ‘मिर’ म्हणजे ‘मला’. आवडणारी वस्तू कर्ता, आवडून घेणारा चतुर्थीत, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीमार्गे गेलेला विद्यार्थी ‘आय लाइक’वरून ‘इश’नं वाक्य सुरू करतो आणि अडकतो. ‘मला थंडी वाजते’चंही तेच: ‘मिर इस्ट काल्ट.’ इंग्रजीवरून ‘इश बिन काल्ट’ म्हणणारे दर बॅचमध्ये निघतात, आणि त्याचा अर्थ जर्मन माणसाच्या कानाला भलताच लागतो: मी थंड स्वभावाची आहे.

दुसरं, ‘कारण मी दमलेली आहे’. जर्मन: ‘वाइल इश म्यूडं बिन.’ एकेक शब्द खाली मांडून बघ: कारण, मी, दमलेली, आहे. क्रम तोच. ‘वाइल’नंतर क्रियापद शेवटी का जातं हे इंग्रजीतून समजवायला पुस्तकं पानं खर्च करतात, मराठी विद्यार्थ्याला ‘तू नेहमी बोलतेस तसंच बोल’ एवढं पुरतं. विशेषणांचंही तसंच. चांगला पुरुष, चांगली बाई, चांगलं मूल. ‘गुटर मान, गुटं फ्राऊ, गुटेस किंट’. लिंगाप्रमाणे विशेषणाचं शेपूट बदलतं ही कल्पना आपल्याला उपजत आहे. मूल दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघालं हा योगायोग, त्यावर विसंबू नकोस. टेबल आपल्याकडे ‘ते’ आणि जर्मनमध्ये ‘डेअर टिश’, पुल्लिंगी. लिंग शब्दागणिक पाठच करावं लागतं, पण ‘लिंग म्हणजे काय आणि निर्जीव वस्तूला कशाला हवं’ हा प्रश्न आपल्याला पडत नाही. ‘झी’ आणि ‘डू’ यांत कधी काय वापरायचं, हेही ‘तुम्ही’ आणि ‘तू’ जगलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

सगळंच मराठीला जवळ आहे असं मात्र नाही. शब्दसंग्रहात इंग्रजी फार कामी येते: वॉसर, हाउस, ब्रूडर, फिंगर हे ऐकताक्षणी कळतात. ‘माझ्याकडे सायकल आहे’ हे जर्मन माणूस ‘हाबन’ (इंग्रजीतलं ‘हॅव’) घालून इंग्रजीसारखंच म्हणतो. म्हणून माझा नियम असा: शब्द लक्षात ठेवायला इंग्रजीचा आधार घे, वाक्य उभारायला मराठीचा.

हे ॲपवर कसं करायचं? डुओलिंगो असू दे, रोज पंधरा मिनिटं, शक्य तिथे तुकडे बंद करून कीबोर्डनं लिही. पण मुख्य काम अँकीवर हलव. डेमियन एल्म्स यांनी २००६मध्ये काढलेलं हे ॲप दिसायला रूक्ष आहे, त्यात डुओलिंगोचं घुबड नाही, लीग नाही. विसरण्याच्या बेतात असलेली गोष्ट बरोबर त्या वेळी पुन्हा समोर आणायची, एवढंच ते करतं. कल्पना नवी नाही: हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचं गणित मांडलं, पॉल पिम्सलर यांनी १९६७मध्ये वाढत्या अंतरानं उजळणी करण्याचं वेळापत्रक सुचवलं, पोलंडच्या प्योत्र वोझनियाक यांनी १९८७मध्ये ते संगणकावर आणलं. अँकीची बरीच वर्षं चाललेली जुनी पद्धत वोझनियाक यांच्याच गणितावर उभी आहे. २०२३पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धत आली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू कर. त्याच स्मरणाला कमी उजळण्या लागतात.

दुसऱ्यानं बनवलेला तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) उतरवू नकोस. निदान पहिले सहा महिने तरी नको. कार्ड स्वतः बनव, आणि पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे जर्मन. उलट नको. पुढे: ‘मला हे आवडत नाही.’ मागे: ‘डास गेफेल्ट मिर निश्ट.’ पुढे: ‘खिडकी लावतेस का?’ मागे: जर्मन विनंती, क्लासमध्ये शिकलेली, बाईंनी तपासलेली. मराठी समोर असली की डोक्याला जर्मन बाहेर काढावीच लागते. मोठ्यानं म्हण, मग कार्ड उलट. सुटे शब्द कमी ठेव, आणि नाम घातलंस तर लिंग दाखवणाऱ्या ‘डेअर, डी, डास’सकट घाल. मराठी बाजू पुस्तकी नको. घरात आईशी बोलतेस तशी लिही, कारण तेच वाक्य तुला बोलायचं आहे. ‘कृपया गवाक्ष बंद करा’ असं कुणाच्या मनात येत नाही.

नवी कार्डं रोज वीस असा अँकीचा मूळचा हिशेब असतो. तो आठ-दहावर आण. वीसच्या वेगानं काही आठवड्यांतच रोजची उजळणी दीड-दोनशे कार्डांवर जाते आणि मग परीक्षेच्या आठवड्यात दोन दिवस राहिलं की ढीग बघूनच माणूस ॲप काढून टाकतो. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांनी अँकी सोडण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

कानासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही मालिका घे. फुकट आहे, ए१पासून बी१पर्यंत जाते, आणि तीत माणसं माणसांसारखी बोलतात. ए२ ओलांडलीस की त्यांच्याच हळू वाचलेल्या बातम्या. एक वाक्य ऐक, थांबव, त्याच चालीत म्हण, पुन्हा ऐक. चॅटबॉटलाही जर्मनसाठी मी हरकत घेत नाही: ‘रविवार या विषयावर मला ए१चे प्रश्न विचार, माझ्या उत्तरातली चूक मराठीत समजाव’ असं सांगितलं तर तो ठीक काम करतो. तोंडीच्या तयारीला जोडीदार नसेल तेव्हा तो बरा.

जपानी करणाऱ्या मैत्रिणी असतील तर त्यांना हे जसंच्या तसं लावू नकोस. वाक्यरचनेत त्यांना मराठी आणखी जवळची, ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी पाणी पिते’, क्रियापद शेवटी, ‘ला’सारखे प्रत्यय नामामागे. पण जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तोंडी नसते आणि लेखनही नसतं. म्हणजे तिथे ओळखण्याला गुण आहेत, आणि कांजी (जपानीतली चित्रलिपीची अक्षरं) ओळखायला ॲप चांगलंच उपयोगी. परीक्षा काय मागते ते आधी बघायचं आणि मग ॲप निवडायचं. पास झाल्यावर ओसाकाच्या ऑफिसात फोन घेता येईल का हा मग वेगळा प्रश्न.

आता भावाकडे. रचलेल्या भाषा ॲपवर आल्या कशा हे ठाऊक असलं की त्या कोर्सकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. डुओलिंगोचा ‘इन्क्युबेटर’ नावाचा कार्यक्रम होता, त्यात स्वयंसेवक कोर्स बांधत. जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून रचलेली एस्पेरांतो २०१५मध्ये आली, हाय व्हॅलिरियन २०१७मध्ये, क्लिंगॉन २०१८च्या मार्चमध्ये. इंग्रजी येणाऱ्यांसाठी हिंदीचा कोर्स त्याच वर्षी, पण क्लिंगॉननंतर काही महिन्यांनी आला! लोकांनी यावर बराच विनोद केला. कारण सोपं होतं: क्लिंगॉनसाठी झटणारे हौशी लोक आधी पुढे आले. हा कार्यक्रम २०२१मध्ये बंद झाला आणि तोवर मराठीचा कोर्स तिथे उभा राहिला नव्हता. २०११च्या जनगणनेनुसार आपण ८ कोटी ३० लाख. एस्पेरांतोच्या विकिपीडियावर तीन लाखांहून जास्त लेख आहेत, मराठी विकिपीडिया एक लाखाच्या आसपास. मला याचा राग येत नाही, थोडी लाज वाटते. केंद्र सरकारच्या २०२१च्या ‘भाषा संगम’ ॲपमध्ये मराठीसकट २२ भाषांतली शंभरेक वाक्यं आहेत, ओळखीपुरती ठीक.

रचलेल्या भाषांचेही दोन प्रकार आहेत, आणि भावाला हे आधीच सांग. एस्पेरांतो १८८७मध्ये एल. एल. झामेनहोफ यांनी प्रसिद्ध केली आणि लोकांच्या हाती सोडली. तिचं बरोबर-चूक आता वापरणारे ठरवतात. हाय व्हॅलिरियन आणि क्लिंगॉन यांचं तसं नाही. क्लिंगॉनचा नवा शब्द ती रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांच्याकडून यावा लागतो, व्हॅलिरियनचा तिच्या रचनाकार डेव्हिड पीटरसन यांच्याकडून. तो येईपर्यंत शब्द नाही म्हणजे नाही. क्लिंगॉनचा सगळा शब्दसाठा काही हजारांचा. म्हणूनच म्हटलं की त्याचं ॲप त्याच्या भाषेचं बरंचसं काम करतं. कोर्स संपवून शब्दकोश चाळला की भाषेचा मोठा भाग त्याच्या आटोक्यात येतो. जर्मनचा कोर्स संपवणारा मात्र बर्लिनच्या बेकरीत दुसऱ्या वाक्याला गार पडतो.

मराठी मुलाला या भाषांत फायदाही आहे. हाय व्हॅलिरियनला आठ विभक्ती आहेत. ज्याला शाळेत प्रथमा ते संबोधन घोकायला लागलं, तो त्या कोष्टकाला भीत नाही. क्रियापद शेवटी, तेही ओळखीचं. नवं काय, तर वचनं चार: एक, अनेक, थोडे आणि समस्त. ‘वाला’ म्हणजे एक माणूस, ‘वालार’ म्हणजे समस्त माणसं. मालिकेतलं गाजलेलं ‘वालार मोर्गुलिस’ (सगळ्या माणसांना मरायचंच आहे) त्या समस्तांबद्दल आहे. कोर्स पीटरसन यांनी स्वतः बांधलेला असल्यामुळे त्यातल्या भाषेवर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो. अडलंच तर चाहत्यांनी चालवलेला ‘टंग्ज ऑफ आइस अँड फायर’ हा विकी आहे.

क्लिंगॉन अवघड आहे आणि मुद्दाम अवघड केलेली आहे. ओक्रँड यांनी १९८४च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी तिचं व्याकरण बांधलं, १९८५मध्ये शब्दकोश काढला. एकत्र सहसा सापडत नाहीत असे ध्वनी त्यांनी एकत्र आणले. त्यात एक गंमत अशी की तिचा ड आणि ष मूर्धन्य आहेत, अमेरिकन शिकणारे त्यासाठी जीभ वळवून वळवून थकतात, आणि आपल्याला ते आयते. ट मात्र मूर्धन्य नाही, तिथे आपणच घसरतो. वाक्य उलटं: आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ‘पुक़ लेग़ याष’ म्हणजे ‘अधिकारी मुलाला पाहतो’. मराठीत ‘मुलाला पाहतो अधिकारी’ म्हटलं तरी ‘ला’मुळे अर्थ टिकतो, क्लिंगॉनमध्ये ‘ला’ नाही, क्रम हाच सगळा अर्थ, उलटा केला तर मूल अधिकाऱ्याला पाहू लागतं. उच्चारांच्या नोंदी त्यानं देवनागरीतच ठेवाव्यात. रोमन लिपीत लहान आणि मोठा ‘क्यू’ हे तिथे दोन वेगळे वर्ण आहेत आणि टायपताना तोच घोळ होतो. शब्दांसाठी ‘बोक्वी’ हे फुकट शब्दकोश ॲप आहे, ते घ्यावं. पुढे जायची हौस टिकली तर अमेरिकेतल्या क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूटच्या पातळीवार परीक्षा आहेत.

चॅटबॉटला मात्र त्यानं या दोन भाषांसाठी लांबच ठेवावं. जर्मनमध्ये तो बरा, क्लिंगॉनमध्ये नसलेले शब्द पूर्ण आत्मविश्वासानं ठोकून देतो आणि शिकाऊ माणसाला ते पकडता येत नाहीत.

त्यानं माझा सल्ला विचारला तर मी क्लिंगॉनच्या आधी एस्पेरांतो सुचवेन, कारण तीत समोर माणूस सापडतो. ‘मी मांजास मांगोन’: मी आंबा खातो. हो, ‘मी’ म्हणजे मीच. ‘मांगोन मांजास मी’ म्हटलं तरी अर्थ तोच, शेवटचा ‘न’ आपल्या विभक्तीचं काम करतो. खातो, खाते, खातात असे फरक नाहीत, सगळ्यांना ‘मांजास’. काल खाल्ला तर ‘मांजिस’, उद्या खाईन तर ‘मांजोस’. २००२पासून चालू असलेल्या ‘लेर्नू’ या संकेतस्थळावर फुकट कोर्स आहे. दरवर्षी जागतिक संमेलन भरतं, पहिलं १९०५मध्ये फ्रान्समध्ये भरलं होतं. एकमेकांकडे फुकट मुक्कामाला जाण्याची ‘पासपोर्ता सेर्वो’ ही व्यवस्था आहे. घरी आईला पटवायचं असेल तर विनोबांचं नाव सांगा. त्यांनीही एस्पेरांतोचे धडे घेतले होते. फक्त ‘एस्पेरांतो केली की जर्मन आपोआप येते’ असं सांगून पटवू नका. कर्म, विभक्ती, प्रत्यय या शब्दांची भीती जाते एवढं मी विद्यार्थ्यांत पाहिलंय, त्यापुढे जर्मनला जर्मनच करावी लागते.

पैशांचं राहिलं. डुओलिंगोची वर्गणी दोघांपैकी कुणालाच लागणार नाही. अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. खर्च करायचाच असेल तर ए१च्या क्लाससोबत महिन्यातून दोनदा एखाद्या बी२ झालेल्या विद्यार्थ्याला तासाचे पैसे देऊन तोंडीचा सराव कर. त्याला कार्डांचा गठ्ठा दे, आणि मराठीत बोलायची बंदी त्याच्यावरही घाल.